मदत हवी आहे: लैंगिकतेवरच्या पेपरसाठी भरवशाचे संदर्भ कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची, बीए मानसशास्त्र, शेवटचं वर्ष. मानवी लैंगिकतेच्या पेपरसाठी मराठी समाजातलं लैंगिक शिक्षण हा विषय घेतलाय, सुरुवात र. धों. कर्व्यांपासून. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. पण हे मी दुसऱ्यांच्या लेखांतून वाचलंय. मला मूळ अंक बघायचेत, कारण वाचकांच्या प्रश्नांना ते काय उत्तरं द्यायचे, त्यातच खरा माल आहे.

पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी मराठी नियतकालिकं बघायची तर कुणाला भेटायचं? कॉलेजचं पत्र लागतं का? आणि ताळगावच्या विद्यापीठ ग्रंथालयातले संशोधन-नियतकालिकांचे डेटाबेस संलग्न कॉलेजच्या मुलांना वापरू देतात का?

आकडेवारीसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) घेतलीय. शोधगंगेवरचे (भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) प्रबंधही चाळतेय, पण त्यातला कुठला आधाराला धरण्याजोगा, हे ओळखायचं कसं? गुगलवर तर औषधांच्या जाहिरातीच जास्त. कॉलेजात विषय सांगितला की समोरचा गप्पच होतो, म्हणून इथे विचारतेय. कुणी यावर काम केलं असेल तर कृपया सांगा, पुढच्या सोमवारी आराखडा द्यायचाय.