वास गेल्यावर स्वयंपाक कसा सांभाळता?

फोडणी_इंदूर:
नमस्कार. मार्गशीर्षात जबर सर्दी झाली, ती गेली ती वास घेऊनच. आठ महिने झाले. नाकाचे डॉक्टर म्हणाले, विषाणूने वासाच्या पेशी दुखावल्यात, वेळ लागेल.

वय ६१. जन्म इंदूरचा, सासरही इंदूरचंच. इतकी वर्षं मी नाकानेच स्वयंपाक केला. गोडा मसाला भाजताना दगडफूल कधी उतरवायचं, दूध नासायला टेकलंय का, सगळं नाक सांगायचं. रविवारी पोह्यांवर जिरावण, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, घातलं. जिभेला आंबट, खारट, तिखट लागलं, जिरावण काही लागलं नाही. बशी तशीच सारली.

त्याहून वाईट म्हणजे मंगळवारी दूध करपलं आणि नातू ओरडत येईपर्यंत मला पत्ता नाही. दुपारी घरात एकटी असते, गॅसची धास्ती वाटते. ‘होईल बरं’ नका म्हणू. रोजचं कसं निभावता ते सांगा.

मांडवी_वडोदरा:
ताई, माझा वास २०२१ मध्ये कोविडने गेला, अजून अर्धाच आलाय. आधी गॅसचं बघा. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात वास मिसळतात. नेमका तोच आपल्याला येत नाही. गळतीचा अलार्म लावून घ्या, पण जमिनीलगत. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. पाइपचा गॅस हलका, त्याला अलार्म छताजवळ. सिलिंडर गळतीसाठी १९०६ नंबर भिंतीवर लिहून ठेवा. उरलेल्या भाजीच्या डब्यावर तारीख घाला.

लष्कर_ग्वाल्हेर:
काकू, आईला डॉक्टरांनी गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी दिवसातून दोनदा हुंगायला सांगितलं होतं. प्रत्येक २० सेकंद, मन लावून, निदान तीन महिने. मध्येच तिला कांद्याला जळक्या रबराचा वास यायला लागला, ती रडली. चेता नव्याने जुळताना असं होतं म्हणे. सोडू नका.

फोडणी_इंदूर:
अलार्म मुलाने ओट्याखाली बसवला. हुंगणंही सुरू केलंय. निलगिरीचा गारवा नाकात चढतो, वास नाही.

काल लोणी कढवलं, कान लावून. आधी जोरात चुरचुर, मग आवाज बसत गेला, बुडबुडे बारीक झाले, तळाशी बेरी बदामी दिसली. लगेच बंद करून विड्याचं पान टाकलं. तूप छान रवाळ झालं.

दगडफुलाचं मात्र अडलंय. त्याचा रंग पालटलेला दिसत नाही, आवाजही नाही. तुम्ही कशावरून ओळखता?