गिरणेच्या खोल पाण्यात नेमका कोणता ल्युअर टाकायचा?

पाचोरेकर_गळवाला

राम राम मंडळी. मी पाचोऱ्याचा. गांडूळ आणि कणकेच्या गोळीवर लहानपणापासून मासे धरले, ल्युअरचं, म्हणजे नकली आमिषाचं, वेड मात्र गेल्या वर्षीचं. रात्री जेवण झालं की अमेरिकेतले बास (तिकडचा शिकारी मासा) पकडायचे व्हिडिओ लावून बसतो. ती माणसं बोटीत उभी राहून वीस-पंचवीस फूट पाण्यातून एकामागून एक मासा काढतात. ते बघून दिवाळीच्या बोनसमधून खोल जाणारे तीन क्रँकबेट (पुढे जीभ असलेले नकली मासे), फुटबॉल जिगचं (वजनदार डोक्याच्या गळांचं) एक पाकीट आणि ड्रॉप शॉटचं सामान मागवलं. घरी आकडा सांगितलेला नाही, इथेही सांगत नाही.

नोव्हेंबरपासून पाच रविवार गिरणा धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. काठ जिथे एकदम उतरतो तिथे उभा राहतो. पाच रविवारांची कमाई म्हणजे एक चिलापी, तीही शेपटीला गळ अडकून आलेली. आणि तिन्ही क्रँकबेट पाण्यात. तिसरा तर पाचव्या फेकीलाच गेला. रॉड सात फुटी मीडियम, रील २५०० मापाचं, ब्रेड (विणलेला दोर) वीस पौंडी.

खोल पाण्याला ल्युअर कोणता, वजन किती, रंग कोणता? आपल्याकडे बास नाही हे मला कळतं. पण तंत्र तर तेच चालत असेल ना?

मरळप्रेमी_एरंडोल

भो, खोल पाण्याचा नाद सोड. रबरी बेडूक घे, काठच्या गवतात टाक, सकाळी सातच्या आत दोन मरळ घरी. खोलात काय बघायला गेलंय कोणी!

कालवा_आबा

मरळप्रेमी, तुमचं मरळीपुरतं खरं. मरळ हवा घ्यायला वर येते, तिला वर येऊ दिलं नाही तर ती पाण्यात असून गुदमरते. म्हणून ती उथळात, गवतात. पण पाचोरेकरांनी खोल पाण्याचं विचारलंय, त्यांना गवतात कशाला पाठवता?

मी पाटबंधाऱ्यात कालवा निरीक्षक होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. उभी नोकरी पाणी मोजण्यात गेली, म्हणून माझं उत्तरही पाण्यापासून सुरू होतं. ल्युअर नंतर.

पाचोरेकर, तुम्ही ज्या तळावर ल्युअर ओढताय तो कधी पाहिलाय का? अमेरिकेतल्या माणसाच्या बोटीला सोनार यंत्राचा पडदा असतो, त्यात त्याला तळ दिसतो. आपल्याला त्याची गरजच नाही. आपली धरणं मे महिन्यात स्वतःच पोट उघडं करून दाखवतात. आमच्याकडचा एक म्हातारा भोई म्हणायचा, "पानीना पोटमा काय शे ते उन्हायामा देखी ले."

मी काय पाहिलं ते सांगतो. एका जानेवारीत माझा पिवळा क्रँकबेट अडकला आणि दोर तुटला. मेच्या अखेरीस पाणी खाली गेल्यावर त्याच उतारावरून चालत गेलो. गाळ वाळून पाऊल अडकेल अशा भेगा पडलेल्या. पुढे काळा पडलेला बाभळीचा खुंट, आणि त्यावर खांद्याच्या उंचीला माझाच ल्युअर टांगलेला. गळ गंजून लाल, पोटाचा रंग उडालेला, एका डोळ्याच्या जागी नुसता खड्डा. त्याच खुंटाला आणखी दोघा अनोळखी लोकांचे ल्युअर आणि फाटक्या जाळ्याचा पुंजका. खुंटाच्या पलीकडे वीस पावलांवर जुनी विहीर, दगडी कठडा शाबूत. तिच्या पुढे बुडालेल्या नाल्याचं पात्र, त्याची दरड पुरुषभर उभी कापलेली. जानेवारीची पातळी माझ्या वहीत होती, तिच्यावरून खुंट तेव्हा साधारण अठरा फूट पाण्याखाली असणार असं निघालं. म्हणजे तीन हिवाळे मी त्या खुंटाच्या अलीकडे सपाट गाळावर जिग ओढत होतो, आणि मासा पलीकडे दरडीला लागून बसत होता.

तेव्हापासून दर मे महिन्यात एक दिवस नुसता फिरतो. रॉड घरीच. खुंट, विहिरी, शेताचे जुने बांध, रस्त्याचा भराव, सगळ्याचे फोटो आणि मोबाइलवर खुणा. फिरताना एक जपा: गाळ वरून वाळलेला दिसला तरी खाली लोण्यासारखा असतो. काठी टोचत चाला, एकट्याने जाऊ नका, उघड्या विहिरीच्या कडेला तर मुळीच नको.

दुसरं म्हणजे मासा ठरवा. कटला पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, त्याच्यापुढे हजाराचा ल्युअर नाचवला तरी तो ढुंकून बघणार नाही. खोलात ल्युअर घेणारे आपले मुख्य दोन, शिवडा आणि शिंगाळा. दोघेही मिशीवाले, तळाचे, अंधाराचे सोबती. बास डोळ्यांनी शिकार करतो, हे दोघे मिशांनी आणि अंगाला जाणवणाऱ्या हालचालीने. म्हणून रंगावर फार डोकं खपवू नका. गढूळ पाण्यात गडद, निवळ पाण्यात चंदेरी, एवढंच मी पाळतो. वेळ मात्र पाळा: पहाटेचा पहिला तास आणि दिवेलागणीनंतर. दुपारी बाराला मी तरी डबा खाऊन झोपतो.

आता तुमचे क्रँकबेट का गेले ते. व्हिडिओतला माणूस बोटीतून उथळाकडे फेकतो आणि खोलाकडे ओढतो, किंवा दरडीला समांतर ओढतो. तुम्ही काठावरून खोलात फेकून उथळाकडे ओढता. ल्युअर पुढची जीभ खाली रोवून चढण चढतो, वाटेत प्रत्येक खुंटाला नमस्कार करतो. काठ जिथे पाण्यात टोकासारखा घुसलाय तिथे जाऊन उभे राहा आणि काठाला समांतर फेका, म्हणजे पूर्ण फेक एकाच खोलीवर चालेल. शिवाय पाकिटावर वीस फूट लिहिलेला क्रँकबेट वीस फूट जातो तो बारीक दोरावर, लांब फेकीवर, आणि तेही फेकीच्या मधल्या टप्प्यात. जाड दोर पाण्यात अडतो आणि ल्युअरला वर धरून ठेवतो.

मी स्वतः १४ ग्रॅमचं जिगहेड आणि त्यावर बोटभर लांबीचा रबरी मासा, शेपटी हलणारा, एवढ्यावर हिवाळा काढतो. फेकायचं, दोर ताणून धरायचा आणि मोजायचं. एक, दोन, तीन... दोर सैल पडला की तळ आला. पहिल्या फेकीला बारा मोजले तर पुढच्या फेकीला दहावर ओढायला सुरुवात. तळाच्या वीतभर वर राहिला पाहिजे, तळात रुतायला नको. दोन फिरक्या, थांबा, पडू द्या. घास बहुतेक वेळा पडताना लागतो आणि कळतो तो धक्क्याने नाही, आकडा चुकल्याने. बाराला टेकणारा ल्युअर आठलाच थांबला, तर हात उचला.

आणि आवर्तनाकडे लक्ष ठेवा. कालव्याला पाणी सुटलं की चार दिवसांत काठाची ओली रेघ खाली सरकते. माझा अनुभव असा की त्या दिवसांत मासा काठ सोडून पुढच्या उतारावर जातो. कालची जागा आज रिकामी.

पाचोरेकर_गळवाला

आबा, साष्टांग. माझी फुटबॉल जिग खुंटांत चालेल का? आणि ड्रॉप शॉटचं काय करू? पाकीट अजून फोडलेलं नाही, परत पाठवायची मुदत गेली.

धुळ्याचा_टेक्सासात

यावर मी बोलतो, कारण ते व्हिडिओ ज्या पाण्यावर काढतात त्यातलं एक पाणी माझ्या घरापासून दीड तासावर आहे. लेक फोर्क. धरण बांधताना झाडं तशीच उभी ठेवलेली, त्यामुळे अडकून तुटण्याचा अनुभव मला भरपूर आहे. बायको म्हणते, तू मासे धरायला जात नाहीस, झाडं सजवायला जातोस.

फुटबॉल जिगचं डोकं आडवं, लांबट असतं. ते दगडगोट्यांवर कलंडत, टकटक करत चालतं आणि दगडांत सहसा अडकत नाही. लाकडात मात्र तेच आडवं डोकं फांदीच्या बेचक्यात बसतं. तेव्हा खडकाळ टोकावर वापरा, बाभळीत नको. बाभळीत टेक्सास रिग: गोळीच्या आकाराचं शिसं दोरावर मोकळं, गळाचं टोक रबराच्या पोटात लपवलेलं. ड्रॉप शॉटमध्ये शिसं सर्वांत खाली आणि गळ त्याच्या वर फूटभर. शिसं तळावर टेकलेलं, आमिष जागच्या जागी थरथरतं. ते बोटीखाली सरळ सोडण्याचं काम आहे. काठावरून दोर तिरका येतो, त्यामुळे गळ तळापासून हवा तेवढा वर राहत नाही. त्यापेक्षा कॅरोलायना रिग जमेल: मोकळं शिसं, मणी, स्विव्हल (फिरती कडी), पुढे हात-दीड हात लीडर (जोडदोर) आणि हलकं रबर.

एक गैरसमज मलाही होता, जितकं खोल तितका मोठा मासा. इथे उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वर कोमट, खाली गार, आणि मधल्या पट्ट्यात तापमान झपकन उतरतं. उन्हाळा सरता सरता त्या पट्ट्याखाली प्राणवायू जवळजवळ उरत नाही. तळ चाळीस फुटांवर असला तरी बास अठरा-वीस फुटांवरच असतो, त्याखाली टाकलेला ल्युअर ओसाड घरात फिरतो. बुडालेल्या ओढ्याच्या पात्राची कडा त्या वीस फुटांच्या आसपास येत असेल, तर तिथे मासा हमखास. आबांची दरड आणि आमची लेज (पाण्याखालची कडा) एकच.

खोलातून, म्हणजे तीस फुटांच्या खालून काढलेला बास सोडून द्यायचा असेल तर त्याला फार वेळ वर ठेवू नका. आतली हवेची पिशवी फुगते, मासा पोट वर करून तरंगतो आणि मरतो. मी तर इतक्या खोलातून सोडण्यासाठी मासा धरतच नाही.

आणि कोणी तरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. गिरणेत बास आणून सोडावा हा विचारही नको. जपानने १९२५ मध्ये आशी तलावात सोडला, तिथून तो देशभर पसरला, आता तिथे तो जिवंत नेण्यावरही कायद्याने बंदी आहे. तसा तो काही राक्षसही नाही हो. १९३२ सालचा जॉर्जियातला विक्रमी बास दहा किलोच्या आसपास होता. तेवढा शिवडा आपल्याकडे जाळ्यात आला तर लोक पाहतात आणि भाव विचारतात.

भोईवाड्याचा_पोर

सगळं वाचलं, छान लिहिलंय. एक आमच्या बाजूने. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडे असतो, आणि मत्स्यबीजही संस्थाच पैसे घालून सोडते. गळ टाकण्याआधी काठावर भेटेल त्याला विचारा, संस्थेच्या माणसाचा नंबर घ्या. पावती फाडायला सांगितली तर फाडा. न विचारता रॉड उघडणाऱ्यांशी आमची भांडणं होतात, विचारणाऱ्याला आम्ही चहा पाजतो.

पाण्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या रांगेत दिसल्या तर खाली जाळं आहे. त्या रांगेपलीकडे फेकू नका. तिहेरी गळ जाळ्यात गुंतला की आमच्या आईचा अर्धा दिवस तो सोडवण्यात जातो. आबा म्हणाले तो फाटक्या जाळ्याचा पुंजका आमचाच असेल कदाचित!

पाचोरेकर_गळवाला

परवाच्या रविवारची हकिगत. भोईवाड्याच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे आधी विचारलं, चहा खरंच मिळाला. टोकावर उभा राहिलो, १४ ग्रॅम, राखाडी रबर, काठाला समांतर. पहिल्या फेकीला तळ अकरावर. मग नऊवर ओढत राहिलो. तासभर काही नाही, बोटं गारठून मोजणीही चुकायला लागली. उजाडता उजाडता एका फेकीला पाच म्हणालो आणि दोर सैल. मला वाटलं वाऱ्याने. हात उचलला तर पलीकडून कोणीतरी डोकं हलवतंय.

शिंगाळा. काट्यावर एक किलो सातशे. ल्युअर एकही गेला नाही.

पण आनंदात त्याला मुठीत धरायला गेलो आणि कल्ल्यामागचा काटा अंगठ्याच्या बुडात घुसला. दोन दिवस हात भाकरीसारखा फुगलाय. एका हाताने टाइप करतोय.

कालवा_आबा

पाच म्हणालात आणि हात उचललात, झकास.

त्या काट्याला करवतीसारखे दाते असतात, टोक आत मोडून राहिलंय का ते आधी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का? पुढच्या वेळी काटा लागला तर लगेच सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका उतरतो. आणि शिंगाळा हाताने धरायचा नाहीच. ओला गोणपाट टाकायचा त्याच्या अंगावर, मग पक्कडीने गळ काढायचा. माझ्याकडे जुनी पक्कड पडून आहे, लांब चोचीची. भडगावला आलात की घेऊन जा.