रुग्णालयाच्या भिंतींवर वारली-गोंड: थेट भिंतीवर काढावं की पॅनेल लावावेत?

धायरी_फाटा

नमस्कार मंडळी,

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका ४० खाटांच्या धर्मादाय रुग्णालयाचं आतलं रंगकाम दिवाळीनंतर निघतंय. विश्वस्तांचं म्हणणं, पुन्हा तोच क्रीम रंग मारण्यापेक्षा लोककलेची चित्रं काढू, पेशंटला जरा बरं वाटेल. ठेकेदार म्हणतो, नेटवरनं वारली उचलून व्हिनाइलचे स्टिकर लावून देतो, दोन दिवसांत काम खलास. मेट्रन म्हणतात, काय हवं ते लावा, आम्ही हायपोनेच (सोडियम हायपोक्लोराइट, जंतुनाशक) पुसणार.

जागा अशी: ओपीडीचा ६० फुटी पॅसेज, दोन्ही बाजूंना ४ फुटांपर्यंत टाइल्सचा डाडो (भिंतीच्या खालच्या भागाचं आच्छादन) आणि त्यावर जुना ऑइल पेंट. मुलांचा ८ खाटांचा वॉर्ड. प्रसूती विभाग आणि त्याला लागून नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष. पॅसेजच्या एका भिंतीमागे बाथरूम आहे, तिथे दर पावसाळ्यात पोपडे निघतात. थेट भिंतीवर काढावं की पॅनेल करावेत? कोणता रंग टिकेल? कोणती कला कुठे शोभेल? खर्च बेताचाच करायचा आहे.

भिंतवाला

चित्राचं मागाहून, आधी भिंत बघा. बाथरूमच्या बाजूची ओल बंद झाल्याशिवाय तिथे ब्रशसुद्धा लावू नका. आतून येणारं पाणी प्लास्टरमधले क्षार बाहेर ढकलतं आणि रंगाचा थर पापुद्र्यासारखा उचलला जातो. वरून कितीही भारी कोट मारला तरी तो सोबत निघून येतो. तपासायची सोपी रीत: दीड बाय दीड फूट जाड प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून चिकटवा आणि रात्रभर, निदान १६ तास तसंच ठेवा. काढताना आतल्या बाजूला दव दिसलं किंवा भिंत काळपट झालेली दिसली, तर काम प्लंबरचं आहे. ही परीक्षा सगळ्या भिंतींवर करा, नुसत्या बाथरूमच्या नाही.

दुसरा घोळ ऑइल पेंटचा. गुळगुळीत ऑइल पेंटवर अॅक्रिलिक थेट मारलं की महिन्याभरात नखाने सोलता येतं. चकाकी पूर्ण मरेपर्यंत १५० किंवा १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, पण पाणी लावून. कोरडं घासू नका. भारतात घरगुती रंगांमधलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचा रंग त्याआधीचा असेल तर ती धूळ मुलांच्या वॉर्डाजवळ उडवायची चीज नाही. घासून, पुसून, वाळल्यावर ऑइल पेंटवर धरणारा प्रायमर, गरज असेल तिथेच पुट्टी, ती ३२० ने साफ, पुन्हा प्रायमर, मग अॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात. पकड बघायची तर कटरने बारीक चौकटी पाडा, सेलोटेप घट्ट चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपवर तुकडे आले तर पुढे जाऊ नका.

मालाचा हिशोब: डाडोच्या वर ३ फुटांचा पट्टा, दोन्ही बाजू मिळून ३६० चौरस फूट, दारं-खिडक्या वजा जाता धरा ३००. इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण १२० चौरस फूट जातं, म्हणजे तीन लिटरच्या आत भागतं. ४ लिटरचा डबा घ्या, उरलेला लागेलच. आकृत्यांसाठी पांढरा १ लिटर पुष्कळ झाला. हे सगळं बोहरी आळीत मिळतं, फक्त दुकानदार 'सगळ्यावर चालतो' म्हणून देईल तो प्रायमर घेऊ नका, डब्यावर ऑइल पेंटचं नाव आहे का ते वाचा.

सिस्टर_नाइटड्यूटी

मेट्रनबाईंचं बरोबर आहे. चित्र पुसता येत नसेल तर ते रुग्णालयात नको. पण पुसायचं कशाने हे आधी ठरवा, कारण प्रत्येक द्रव रंगाला वेगळा चावतो. १ टक्का हायपोक्लोराइट रक्ताच्या डागासाठी, १० मिनिटं ठेवून. रोजच्या भिंतीला ते लागत नाही, साधा डिटर्जंट आणि ओलं फडकं पुरतं. स्पिरिट मात्र अॅक्रिलिकचा वैरी. ७० टक्के अल्कोहोल लागलं की थर मऊ पडतो आणि फडक्याला रंग येतो. हँडरबच्या (हाताला चोळायच्या स्पिरिटच्या) डिस्पेन्सरखाली भिंतीवर ओघळ दिसतात ना, तेच. त्या जागेपासून दोन्ही बाजूंना फूटभर चित्र नको.

म्हणून वर पारदर्शक संरक्षक थर हवा: पाण्यात मिसळणारा, दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन), सॅटिन फिनिश. ग्लॉसवर ट्यूबलाइट चमकते आणि चित्र दिसतच नाही, मॅट पुसून पुसून तेलकट होतो. थिनरवाला वॉर्निश टाळा: वास, पांढऱ्याला पिवळेपणा आणि खालच्या रेघा फिसकटण्याची भीती. दोन भाग मिसळल्यावर तो काही तासांतच घट्ट होतो, त्यामुळे सकाळी सगळा डबा कालवून ठेवणारा पेंटर असेल तर समजावून सांगा.

आधी एक फूट बाय एक फूट नमुना करा, त्यावर पीयू चढवा, ७ दिवस जाऊ द्या. मग अर्ध्या भागावर हायपो १० मिनिटं ठेवून पुसा, उरलेल्या भागावर पांढऱ्या फडक्याला स्पिरिट लावून ५० वेळा घासा. फडकं पांढरंच राहिलं तर पास.

आणि चालू वॉर्डात घासकाम नको. प्लास्टरच्या धुळीतून बुरशीचे कण उडतात आणि केमो किंवा डायलिसिसच्या पेशंटला ते महागात पडतं. त्या भागातले पेशंट हलवा, जमिनीपासून छतापर्यंत प्लास्टिक बांधा, मगच सुरू करा.

गंजाडची_वाट

स्टिकरच्या कल्पनेला माझा साफ नकार. नेटवरचं वारली म्हणजे कुणाचं तरी काढलेलं चित्र. शिवाय त्यात बहुतेक वेळा एकच नाचाचं वर्तुळ शंभरदा चिकटवलेलं असतं, तारपा (वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणाराच गायब. तो मधोमध नसेल तर नाचणारे कुणाभोवती फिरतायत? वारलीला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड भागात आजही घरटी हात चालणारी माणसं आहेत, त्यांनाच बोलवा. कलेची तोंडओळख हवी असेल तर आपल्याकडे क्वीन्स गार्डनला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे, विश्वस्तांना एकदा तिथे फिरवून आणा.

काय काढायचं यात एक पथ्य. लग्नचौक आणि त्यातली पालघट देवी ही लग्नघरात सवाशिणींनी लिहायची गोष्ट. ती शोभेसाठी ओपीडीत नको. गुजरातेतल्या राठवा आदिवासींचा पिठोरा (भिंतीवरचं चित्र) तसाच, तो नवसाचा विधी आहे, घोडे सुंदर दिसतात म्हणून उचलू नये. शेतीची कामं, मासेमारी, ताडावर चढणारा माणूस, खेकडे, मुंग्यांची रांग, बाजाराला निघालेली बैलगाडी, हे खुशाल काढा. ३ फुटांच्या पट्ट्यात तारप्याचा नाच दाटतो, त्याला किमान पाचेक फुटांची मोकळी भिंत द्या.

तांदळाचं पीठ आणि डिंक हा मूळ रंग इथे चालणार नाही. ओल्या फडक्याने जातो, बुरशी धरतो. अॅक्रिलिक पांढरा, दहाव्या हिश्शाइतकं पाणी घालून. गेरूवर पहिली रेघ पारदर्शक दिसते, ती सुकल्यावर दुसरी ओढावीच लागते. ठेचलेल्या बांबूच्या काडीने काढायचं असेल तर टोकावर अॅक्रिलिक सुकतं आणि रेघ अचानक जाडी होते, दर थोड्या वेळाने काडी पाण्यात बुचकळायची. सहा फुटांवरून दिसायला रेघ २-३ मिलिमीटरची हवी. गेरूचा रंग आणि पांढरा ही दोन्ही खनिज रंगद्रव्यं, हायपोने उडत नाहीत. गुलाबी-जांभळे मात्र भरवशाचे नाहीत, आणि बिहारच्या मधुबनी चित्रांत तेच जास्त असतात.

एरंडवणा४

गेरूबद्दल थोडं वेगळं मत. अख्खा ६० फुटी पॅसेज गेरूने भरला तर तो बोगदा होईल, आधीच उजेड बेताचा असणार. पट्ट्यापट्ट्याने गेरू, मध्ये मोकळा ऑफ-व्हाइट ठेवा. मधुबनीची कचनी, म्हणजे बारीक रेघांची भरण, जवळून बघायची असते. लांबून ती लवलवते आणि चक्कर येणाऱ्या किंवा भ्रम झालेल्या पेशंटला त्रास देते. ती वेटिंगमध्ये खुर्चीसमोर, लहान आकारात.

मुलांना गोंड आदिवासींची चित्रं: झाडासारखी शिंगं फुटलेलं हरीण, पोटात मासे असलेला मासा. कोकणातल्या पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची कला) मला फार आवडते, पण मोठ्या डोळ्यांचे राक्षस आणि युद्धाचे प्रसंग रात्री दोन वाजता तापातल्या पोराला नको. ती मोठ्यांच्या हॉलमध्ये. नवजात कक्षात बाळाच्या आसपासची भिंत रंगहीनच ठेवा. पिवळ्या-हिरव्याचं प्रतिबिंब बाळाच्या कातडीवर पडलं की कावीळ किंवा निळेपणा ओळखण्यात गफलत होते. चित्रं बाहेर, जिथे आई-आजी बसतात तिथे.

आता गंमत अशी की मुलांच्या वॉर्डातही ४ फुटांचा डाडो असेल तर तीन वर्षांच्या मुलाला तुमचं चित्र दिसणारच नाही. आणि स्ट्रेचरवरच्या माणसाला दिसतं फक्त छत.

धायरी_फाटा

डाडोचा मुद्दा लक्षातच आला नव्हता, तिथेही ४ फूटच आहे. मग टाइल्सवरच रंगवता येईल का? आणि छताचं काय करता येतं? फॉल्स सीलिंग २ बाय २ फुटांच्या फरश्यांचं आहे. एका विश्वस्तांनी असंही वाचलंय की चित्रं लावली की पेशंट लवकर घरी जातात, हे खरं का?

एरंडवणा४

तो १९८४ चा रॉजर उलरिकचा अभ्यास असावा, 'सायन्स'मध्ये आला होता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे ४६ पेशंट, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. पण तो अभ्यास खिडकीचा आहे, चित्रांचा नाही. विश्वस्तांना सांगा, बाहेर झाड असेल तर आधी त्या खिडकीसमोरचं कपाट हलवा.

भिंतवाला

टाइल्सवर अॅक्रिलिक धरत नाही. तिथे पॅनेल. ३ मिलिमीटरचा अग्निरोधक दर्जाचा एसीपी (अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेल) घ्या, शीट ८ बाय ४ फुटांची येते. स्वस्त पीव्हीसी फोमशीट जळताना दाट विषारी धूर करते, मुलांच्या वॉर्डात तर नकोच. एसीपी ४०० च्या पेपरने हलका घासून, धातूचा प्रायमर मारून कलाकाराकडे पाठवा. तो गावातच बसून रंगवेल, तुमचा वॉर्ड बंद ठेवायला नको आणि त्याच्या राहण्याचा खर्चही वाचेल. लावताना चारही कडा सिलिकॉनने बंद. फट राहिली तर मागे झुरळं आणि धूळ, मग सिस्टर ते उखडून टाकतील आणि योग्यच करतील. पॅनेल लावायच्या आधी भिंतीवरचे काळे ओरखडे बघा. ट्रॉली कुठे घासते हे त्यावरून कळतं, तेवढ्या उंचीवर आधी बंपर गार्ड (धक्का झेलणारी पट्टी) बसवा.

छताच्या फरश्या खाली उतरवून रंगवता येतात. मिनरल फायबरच्या असतील तर जाड रंगाने भोकं बुजतात आणि आवाज घुमायला लागतो. पीव्हीसी लेप दिलेल्या जिप्समच्या चार-सहा नव्या घ्या, रंगवा आणि खाटेच्या वर बदलून बसवा. धूरशोधक, स्प्रिंकलर किंवा एसीची जाळी असलेली फरशी सोडा. बाहेर पडण्याच्या दिव्याशेजारीही चित्र नको, बाण शोधताना नजर अडकते.

गंजाडची_वाट

पैशांचं राहिलं. कला महाविद्यालयाच्या मुलांकडून 'प्रॅक्टिस होईल' म्हणून फुकट करून घेऊ, असा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो काढा. चौरस फुटाचा दर, साहित्याची आगाऊ रक्कम, प्रवास, जेवण, परांची आणि एक मदतनीस, हे सगळं कागदावर लिहा. चित्राचा फोटो रुग्णालयाच्या कॅलेंडरवर छापणार का, तेही त्यातच. विषय आणि जागा ठरवून द्या, कच्चं रेखाटन एकदा बघा, पण प्रत्येक आकृती मंजुरीला मागू नका, हात अडखळतो. सही चित्रातच राहू द्या.

सिस्टर_नाइटड्यूटी

प्रत्येक विभागाला एक प्राणी द्या: सोनोग्राफीला मासा, मुलांना हरीण, औषधांना मोर. 'मोराच्या पट्ट्याने सरळ जा' हे वाचता न येणाऱ्या आजींनाही कळतं. प्राणी वेगळा हवा, नुसता रंग वेगळा नको, आणि पाटी हलली की चित्रही हललं पाहिजे. त्यासाठीही पॅनेलच बरे. उरलेला रंग आणि पांढरा छोट्या हवाबंद डब्यांत भरून, भिंतीचं नाव लिहून स्टोअरला ठेवा. पीयूवर डागडुजी करताना तेवढाच तुकडा ४०० ने घासून मग रंग लावायचा, नाहीतर तो ठिगळासारखा निघून येतो.