एलडीएल ९२ आलं, गोळी बंद करावी का?

*सोसायटी ग्रुप, सिंहगड रोड*

*ए-३०४:* नमस्कार मंडळी. अटॅकनंतर बाबांची अँजिओप्लास्टी होऊन सव्वा महिना झाला. रोज पार्किंगमध्ये फेऱ्या मारतात. काल रिपोर्ट आला, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९२. कागदावर १०० च्या आत नॉर्मल लिहिलंय. बाबा म्हणतात, अंग दुखतं, कोलेस्टेरॉलची गोळी आता बंद करतो.

*बी-१०२:* वा, छान! नॉर्मल आलंय तर पथ्यावर राहू द्या. उगाच गोळ्यांची सवय कशाला?

*सी-५०१ (डॉक्टर ताई):* काका, थांबा. कृपा करून कोणीही गोळी बंद करायला सांगू नका. लॅबचा तो आकडा सरसकट सगळ्यांसाठी छापलेला असतो. अटॅक येऊन गेलेल्याचं एलडीएल ५५ च्या खाली हवं, शिवाय आधीच्या निम्म्यावर तरी यायला हवं. ९२ त्यांच्यासाठी जास्तच आहे, आणि तेही गोळी चालू असताना!

*बी-१०२:* पण ताई, स्टेंट (रक्तवाहिनीतली जाळी) टाकलाय ना? ब्लॉकेज गेलं की.

*सी-५०१:* स्टेंटने तेवढी एक जागा मोकळी होते. बाकीच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर आहेतच, आणि पहिल्या वर्षात दुसऱ्या अटॅकचा धोका सगळ्यात जास्त. स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीचा, पूर्ण डोस देऊनही भागत नसेल तर जोडीला एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलचीच दुसरी गोळी देतात. त्याबद्दल आत्ताच विचार, सहा महिन्यांनी नको. २०२५ मध्ये स्वीडनमधल्या रुग्णांचा अभ्यास आला. अटॅकनंतर १२ आठवड्यांच्या आत ही जोड मिळालेल्यांना पुढचा त्रास उशिरा मिळालेल्यांपेक्षा कमी झाला. अंगदुखीचंही डॉक्टरांना सांग. डोस किंवा गोळी बदलता येते.

*डी-२०३:* आमच्या मोठ्या दिरांनी दात काढायचा म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या परस्पर थांबवल्या. आठवड्यात स्टेंट बंद, पुन्हा आयसीयू. घरातले सगळे हादरून गेलो होतो.

*सी-५०१:* वहिनी, बरं झालं लिहिलंत. रक्त पातळ करायच्या त्या दोन गोळ्या साधारण वर्षभर एकत्र असतात. दाताचा डॉक्टर असो की आणखी कोणी, कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय एकही थांबवायची नाही.

*ए-३०४:* ताई, सिगरेट सुटली, पण जेवणानंतर चिमूटभर तंबाखू मळतातच.

*सी-५०१:* तीही बंद. चिमूटभरसुद्धा नको. बीपी १३०/८० च्या आत आहे ना, घरी मोजून लिहून ठेव. शुगरही बघून घे.

*ए-३०४:* उद्या संध्याकाळची अपॉइंटमेंट मिळाली. बाबांना तुमचा मेसेज वाचून दाखवला, रात्रीची गोळी घेतली त्यांनी.

*सी-५०१:* शाब्बास. डिस्चार्ज कार्ड आणि अ‍ॅडमिट केल्यावरचा पहिला रिपोर्ट बरोबर ने. तेव्हाचं एलडीएल किती होतं, ते डॉक्टरांना लागेल.