पॉलिश आणि वॅक्स एकच का? गाडीचा रंग टिकवायला नक्की काय लावायचं?

निळी_चारचाकी
नमस्कार मंडळी, प्रश्न साधाच असेल पण माझा पार गोंधळ झालाय. गडद निळी गाडी आहे, चार वर्षं झाली, मी स्वतःच धुते आणि गेलं वर्षभर दर महिन्याला न चुकता पॉलिश लावते, बाटलीवर कार पॉलिश लिहिलंय ते, पांढरं दाट दुधासारखं असतं, फडक्यावर घेऊन गोल गोल घासायचं आणि वाळलं की पुसून टाकायचं. माझी समजूत अशी की त्याने रंगावर थर बसतो आणि ऊन पाऊस धूळ यापासून रंग वाचतो. लावल्यावर दोनतीन दिवस गाडी मस्त चमकते पण. मात्र हल्ली पाणी टाकलं की पूर्वीसारखे थेंब होत नाहीत, पाणी नुसतं पसरून बसतं, आणि मागे बॉनेटवर पक्षी शिटला होता ते दीड दिवस तसंच राहिलं तर तिथे डाग पडलाय, कितीही पुसा जात नाही. ओळखीतल्या एकांनी विचारलं वॅक्स लावत नाहीस का, मी म्हटलं पॉलिश लावते की, तर म्हणे ते वेगळं. बाटल्यांवर बघावं तर पॉलिश, वॅक्स, पॉलिश वॅक्स, ग्लेझ, सीलंट काय वाट्टेल ते लिहिलेलं. तर फरक काय, रंग टिकवायला कुठलं लावू, आणि वर्षभर जे केलं त्याने काही बिघडलं असेल का ते प्लीज सांगा.

पत्रा_रंग_काम
ताई, पॉलिश रंगाचा थर काढतं आणि वॅक्स रंगावर थर चढवतं. कामं अगदी उलटी आहेत. घोळ होतो तो पॉलिश या शब्दामुळे, कारण आपल्याला लहानपणापासून माहीत असलेलं पॉलिश म्हणजे बुटाचं नाहीतर लाकडी फर्निचरचं, आणि ती दोन्ही वरून चढवायचीच असतात, बुटाच्या डबीत तर मेण असतं. म्हणून गाडीचं पॉलिश म्हटलं की डोक्यात लेप येतो. पण गाडीच्या पॉलिशमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखी अतिशय बारीक पूड असते, म्हणजे एक प्रकारचा पातळ पॉलिश पेपरच बाटलीत भरलाय असं समजा.

आता हे घासतं काय ते बघा. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग (त्याला बेस कोट म्हणतात) आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपण हात फिरवतो तो क्लिअर कोटवर, रंगावर नाही. कंपनीतून आलेल्या गाडीवर हा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरला तर केसापेक्षाही पातळ. धुताना फडक्यात अडकलेल्या मातीच्या कणाने त्यावर बारीक चरे पडतात, चऱ्याच्या कडांवर उजेड विस्कटतो आणि गाडी निस्तेज दिसते. पॉलिश चरा भरत नाही, चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट खाली आणून सगळं एका पातळीत आणतं. म्हणून पॉलिश केल्यावर येणारी चमक खरी असते, पण ती थोडा क्लिअर कोट देऊन मिळवलेली असते. आणि ऊन अडवणारी रसायनं त्या क्लिअर कोटमध्येच असतात, तो संपत आला की रंग उडायला आणि वरून पापुद्रे सुटायला लागतात. मग त्यावर इलाज नाही, पॅनल रंगवायचं.

वॅक्स वरून बसतं. पाणी, धूळ, पक्ष्यांचं, झाडाचा चीक, हे सगळं आधी त्याच्यावर पडतं आणि झिजतं ते वॅक्स. झिजलं की परत लावा, कितीही वेळा लावा, रंगाचं काही जात नाही. तुमच्या गाडीवर पाणी का पसरतंय तर दर महिन्याला तुम्ही वर जे काही संरक्षण होतं ते घासून काढताय आणि क्लिअर कोट उघडा ठेवताय.

घाबरू नका मात्र. हाताने, मशीन न लावता, हलकं पॉलिश केलं तर एका वेळी एक मायक्रॉनसुद्धा जात नाही. वर्षभराने गाडी वाया गेलेली नसणार. पण आता थांबा. बाटलीच्या मागे काय लिहिलंय तेवढं टाका इथे.

फक्त_वॅक्स
मी तर म्हणतो पॉलिशच्या नादाला लागूच नका भाऊ. माझी गाडी सहा वर्षांची आहे, आजपर्यंत एकदाही पॉलिश नाही, दर दोन महिन्यांनी वॅक्स आणि विषय संपला. पाणी अजून मोत्यासारखं घरंगळतं.

पत्रा_रंग_काम
@फक्त_वॅक्स संरक्षणापुरतं तुमचं बरोबर आहे आणि बहुतेकांना एवढंच पुरतं. फक्त वॅक्सने चरे जात नाहीत, आणि खाली जे असेल त्याच्यावरच ते बसतं. खरखरीत, मळक्या क्लिअर कोटवर वॅक्स लावलं तर मळ आत आणि वॅक्स वर, टिकतही नाही धड. वर्षातून एकदा रंग नीट साफ करून मग लावा, फरक तुम्हालाच दिसेल. (आणि त्या ताई आहेत.)

फक्त_वॅक्स
सॉरी ताई, लक्षात नाही आलं. साफ करण्याचं बघतो दादा.

जुनी_हॅचबॅक
माझा अनुभव लिहितो, कुणाचं तरी नुकसान वाचेल. मला दारावरचे चरे घालवायचे होते, मित्राकडून पॉलिशर मशीन आणलं, एकाच अक्षावर गरागरा फिरणारं रोटरी, आणि जाडं कंपाउंड (जास्त खरखरीत पॉलिश) लावून सुरू केलं. मधल्या सपाट भागावर इतकं सुंदर झालं की मी जोरात पुढे सरकलो आणि दाराला जी उभी घडी असते ना त्या कडेवर पॅड दोन सेकंद जास्त थांबलं असेल. पुसून बघतो तर कडेवर बोटाएवढी राखाडी रेघ, म्हणजे क्लिअर कोट गेला, रंग गेला, थेट प्रायमर. पोटात गोळा आला. अख्खं दार रंगवावं लागलं आणि शेड आजही शेजारच्या दाराशी तंतोतंत जुळत नाही. नंतर कळलं की कडांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा सगळा दाब त्या अरुंद जागेवर येतो, वर उष्णता. त्यामुळे कडांवर मास्किंग टेप लावल्याशिवाय मशीनला हात लावू नका, आणि पहिल्यांदा करणार असाल तर ड्युअल ॲक्शन मशीन घ्या, ते फिरता फिरता हलतंही, दाब जास्त झाला की पॅड फिरायचंच थांबतं.

निळी_चारचाकी
बापरे, तुमचं वाचून हातच थांबला माझा. बरं, बाटली बघितली. पुढे मोठ्या अक्षरात चकाकी आणि संरक्षण वगैरे आहे, पण मागे बारीक अक्षरात लिहिलंय की बारीक चरे व ऑक्सिडेशन काढते, नंतर वॅक्स लावावे. हे मी वर्षभरात एकदाही वाचलं नव्हतं. मग रात्री टॉर्च घेऊन बॉनेटवर मारला तर उजेडाच्या भोवती कोळ्याचं जाळं दिसतं, गोल गोल बारीक रेघा, दिवसा सावलीत यातलं काहीही दिसत नाही. हे पॉलिशमुळे झालं की काय?

लेबल_वाचक
ताई हे जाळं म्हणजे स्वर्ल मार्क. रेघा खरं तर सगळ्या दिशांना असतात, ज्या उजेडाला आडव्या येतात त्याच चमकतात म्हणून टॉर्चभोवती गोल दिसतात. गडद रंगावर जास्त उठून दिसतात, पांढऱ्या गाडीवर असले तरी पटकन कळत नाहीत. बहुतेक धुण्या-पुसण्यात पडलेत, आणि पॉलिश साध्या सुती फडक्याने लावत असाल किंवा गाडी पूर्ण न धुता वरवर पुसून लावत असाल तर त्यातही भर पडली असणार.

दोन दिवस चमकून मग उतरते त्याचं कारणही सांगतो. पुष्कळशा पॉलिशमध्ये आणि ग्लेझमध्ये (चरे झाकून चमक आणणारं द्रव) तेलं असतात, ती चऱ्यांत भरतात आणि चरे दिसेनासे होतात, एकदोनदा धुतलं की तेल जातं आणि चरे होते तिथेच असतात. खात्री करायची तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी घालून मायक्रोफायबरवर फवारा आणि एक कोपरा पुसा, चरे परत उगवले तर ते झाकले गेले होते, निघाले नव्हते. पॉलिश करणारे लोक वॅक्सच्या आधी हे पुसणं करतातच, म्हणजे वॅक्स तेलावर न बसता थेट क्लिअर कोटला धरतं.

बाटल्यांचं म्हणाल तर नावावर जाऊ नका, कामाचे शब्द शोधा. चरे काढते, कट, कंपाउंड, करेक्शन, ऑक्सिडेशन असं काही असेल तर ते घासणारं. नुसतं संरक्षण, वॉटर बीडिंग (पाण्याचे थेंब होणं), इतके महिने टिकते असं असेल तर ते चढवणारं. क्लीनर वॅक्स किंवा पॉलिश वॅक्स मध्ये दोन्ही असतं, थोडं घासतं आणि मागे थोडा थर ठेवतं, वर्षातून एकदा आळस करून लावायला ठीक, दर महिन्याला नाही.

पत्रा_रंग_काम
वरचं सगळं बरोबर. ताई आता तुम्ही काय करायचं ते लिहितो.

आधी शॅम्पूने नीट धुवा, भांड्यांचा साबण दर वेळी वापरू नका, तो वॅक्स पातळ करत नेतो. दोन बादल्या घ्या, एक शॅम्पूची आणि एक नुसत्या पाण्याची, मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) प्रत्येक वेळी आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत, नाहीतर पुसून काढलेली माती तुम्ही परत गाडीवर फिरवता. वाळली की हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवर हलकेच बोटं फिरवा. नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागतं ते पिशवीतून बारीक रवाळ लागेल, ब्रेकच्या लोखंडाचे कण, डांबर, झाडाचा चीक असं काय काय चिकटलेलं असतं. ते क्ले बारने (मळलेल्या मातीसारखी मऊ वडी) काढायचं, भरपूर ओलं ठेवून, अजिबात न दाबता, आणि क्ले जमिनीवर पडला तर तो टाकून द्यायचा, धुऊन वापरायचा नाही.

मग चरे बघा. नख आडवं फिरवून अडकलं तर तो चरा पॉलिशच्या आवाक्याबाहेर आहे, सोडून द्या. जाळं त्रास देत असेल तर एकदा, फक्त एकदा, मऊ फोम पॅडने बारीक पॉलिश, आधी एका हातभर चौकोनात करून बघा. सगळ्यात हलक्या पॉलिशने काम झालं तर त्यापुढे जायचं नाही. आणि जाळं चालत असेल तर पॉलिश नाही केलं तरी रंगाच्या आयुष्याचं काही बिघडत नाही, ते फक्त दिसण्यापुरतं आहे.

त्यानंतर वॅक्स. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. स्पंजवर अगदी थोडं घ्यायचं, इतकं पातळ की लावलंय का अशी शंका यावी. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, वरचं सगळं फडक्यातच जातं आणि पुसताना जीव जातो. धुकं धरल्यासारखं झालं की बोटाने एक रेघ ओढा, खाली स्वच्छ चमकती पट्टी दिसली तर पुसा, बोटाने फराटा उठला तर अजून थांबा. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, खाचांत पांढरं बसतं ते निघता निघत नाही, तिथेही टेप लावा.

जुनी_हॅचबॅक
वॅक्स किती दिवस टिकतं धरायचं? डबीवर लिहिलेलं पटत नाही.

पत्रा_रंग_काम
कार्नौबा म्हणाल तर काही आठवडे ते दोनतीन महिने, गाडी उन्हात असते का सावलीत, कितीदा धुता यावर. हे मेण ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडवर्गातल्या झाडाच्या पानांवरून काढतात, नैसर्गिक मेणांत फार कडक, ८२ ते ८६ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. पण ते एकटं इतकं कडक की लावताच येत नाही, म्हणून डबीत तेलं आणि सॉल्व्हंट मिसळलेले असतात. गडद पत्रा कडक उन्हात ६०-७० अंशांपर्यंत जातो, त्यात ते मऊ पडून झिजणारच. सिंथेटिक सीलंट याच कामाचं पण जास्त टिकाऊ, चारसहा महिने. सिरॅमिक कोटिंग वर्षावर जातं, पण त्याच्या आधी रंगाची तयारी चुकली तर खालचे चरे त्याच्याखालीच बंद होतात. तारखा मोजू नका, पाणी टाकून बघा, थेंब सपाट आणि आळशी झाले की लावायची वेळ.

निळी_चारचाकी
आणि तो पक्ष्याचा डाग? तो जाईल का?

लेबल_वाचक
त्यात युरिक ॲसिड असतं, आणि ऊन लागून क्लिअर कोट फुगतो-आकसतो तेव्हा त्याच्याखालची जागा वेगळी आकसते, म्हणून खोलगट भासतो. उथळ असेल तर तेवढ्याच जागी पॉलिशने बराच कमी होईल, खोल असेल तर मागे लागू नका, तिथला क्लिअर कोट आधीच पातळ झालाय. पुढच्या वेळी खरवडू नका हां, त्यात बियांचे कण असतात. ओलं फडकं पाचदहा मिनिटं वर ठेवा आणि मऊ झालं की उचलून घ्या. वॅक्स असलं म्हणून डाग पडणारच नाही असं नाही, पण तुम्हाला घरी येऊन पुसण्याइतका वेळ मिळतो.

निळी_चारचाकी
मंडळी, रविवारी केलं. पिशवीचा प्रयोग केला तर अक्षरशः पापडावर हात फिरवल्यासारखं लागलं, क्ले काळा झाला. डागावर बोटाने दोनदाच पॉलिश केलं, पूर्ण गेला नाही पण आता तिरकं बघितलं तरच दिसतो, तिथेच थांबले. बाकी गाडीला पॉलिश लावलंच नाही. बॉनेटच्या मधोमध टेप लावून अर्ध्या भागाला वॅक्स लावलं आणि अर्धा तसाच ठेवून पाणी सोडलं, लावलेल्या बाजूला टपोरे गोल थेंब धावत खाली गेले आणि दुसऱ्या बाजूला पाणी चादरीसारखं पसरून बसलं. मग संध्याकाळपर्यंत सगळी गाडी पूर्ण केली. पॉलिशची बाटली वरच्या फळीवर ठेवलीय, त्यावर मार्करने मोठं लिहिलंय "हे घासतं".

मागचा बंपर पुढच्या आठवड्यात रंगवायला देतेय, त्यालाही लगेच वॅक्स लावू का?

पत्रा_रंग_काम
नाही, त्याला थांबा. ताज्या रंगातून सॉल्व्हंट उडून जायला वेळ लागतो, साधारण ३० ते ६० दिवस वॅक्स नको म्हणतात, रंगवणाऱ्याला विचारून त्याच्या पेंटप्रमाणे नक्की करा. तोवर नुसतं साध्या पाण्याने आणि शॅम्पूने धुवा आणि पक्ष्यांकडे लक्ष ठेवा.