पायथन स्क्रिप्टमधे प्रोग्रेस दाखवायचाय, ओळी एकाखाली एक पडताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी चोपड्याकडचा, एका जिनिंगमधे ऑफिसातलं कॉम्प्युटरचं काम बघतो. दसरा-दिवाळीपासून कापसाची आवक सुरू झाली की काट्यावर प्रत्येक गाडीचे फोटो निघतात, भरल्या गाडीची पावती, रिकाम्या गाडीची पावती, शेतकऱ्याचं नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी, सगळं मोबाईलवरून एका फोल्डरमधे येऊन पडतं. संध्याकाळी माझी पायथनची स्क्रिप्ट ते फोटो लहान करते, गाडी नंबरप्रमाणे नावं देते, झिप बनवते आणि पेनड्राईव्हवर टाकते. मशीन जुनं आहे, उबंटू (लिनक्स) टाकलंय, गर्दीच्या दिवशी अर्धा-पाऊण तास आरामात जातो.

आता अडचण अशी की संध्याकाळी स्क्रिप्ट चालवतात आमचे अप्पा, हिशेब तेच बघतात. काळी खिडकी, कर्सर लुकलुकतोय, बाकी काही नाही. मग मला फोन, "हाऊ कॉम्प्युटर बंद पडी गया का रे भो?" आणि मी सांगेपर्यंत खिडकी बंद केलेली असते, झिप अर्धवट. यात अप्पांचं काहीच चुकत नाही, समोर काही हललंच नाही तर माणसाने समजायचं काय. आणि ही झिप काही शोभेची नाही, महिनाभराने एखादा शेतकरी म्हणाला की माझं वजन कमी धरलं, तर हेच फोटो काढून त्याच्यासमोर ठेवतो, त्यामुळे अर्धवट राहून चालतच नाही.

आधी प्रत्येक फोटोला एक टिंब प्रिंट केलं, पण प्रिंटला शेवटी नवी ओळ नको असं सांगितलं तर टिंबं दिसतच नाहीत, एकदम ढीगभर येतात. मग बॅकस्लॅश आर वापरून फाईलचं नाव आणि टक्के त्याच ओळीवर लिहायला गेलो. तर मोठ्या नावानंतर छोटं नाव आलं की मागची अक्षरं शेपटासारखी उरतात, आणि नाव फारच लांब असेल तर ओळ खाली सरकते आणि खिडकी भरून जाते. नावं मराठीत आहेत, पायथनच्या लेन् ने (लांबी मोजणारं फंक्शन) मोजून कापून बघितली तरी जमेना. टीक्यूडीएम (प्रोग्रेसची पट्टी दाखवणारी पायथनची लायब्ररी) पण लावलं, पट्टी छान येते पण "किती वेळ राहिला" हा आकडा ५ मिनिटं, २० मिनिटं, ८ मिनिटं असा उड्या मारतो, आणि १०० टक्के झाल्यावर पेनड्राईव्हवर बराच वेळ काहीतरी चालूच असतं. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) हीच स्क्रिप्ट चालते तेव्हा लॉग फाईलमधे सगळा कचरा.

मला सुंदर पट्टी नकोय. अप्पांना खरा आकडा दिसला पाहिजे, काम चालू आहे हे कळलं पाहिजे, एवढंच. कुणी केलंय का असं?

प्रतिसाद १ (धुळे)

भाऊ, टिंबांचं सोपं आहे. पायथन टर्मिनलवर लिहिताना नवी ओळ येईपर्यंत मजकूर बफरमधे धरून ठेवतो, प्रिंटमधे फ्लश = ट्रू द्या, लगेच दिसतील.

बॅकस्लॅश आर फक्त कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेतो, पुसत काहीच नाही, म्हणून शेपूट उरतं. त्याच्यापुढे एस्केप, चौकोनी कंस आणि कॅपिटल के एवढं पाठवा, म्हणजे कर्सरपासून ओळीच्या टोकापर्यंत पुसलं जातं. ओळ खिडकीपेक्षा लांब झाली की ती दुसऱ्या ओळीवर जाते आणि बॅकस्लॅश आर त्या दुसऱ्याच ओळीच्या सुरुवातीला येतो, वरची तशीच राहते, म्हणून तुमची खिडकी भरते. आणि मराठीत लेन् वर भरवसा ठेवू नका. "केळी" ची लेन् ४ येते, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, स्क्रीनवर तेवढी जागा लागत नाही आणि किती लागेल हेही टर्मिनल बदललं की बदलतं. सरळ सांगतो, चालत्या ओळीत नाव टाकूच नका, आकडे ठेवा. एखादा फोटो खराब निघाला तर त्याचं नाव टीक्यूडीएमच्या राईट (write) ने छापा, ते पट्टीच्या वर येतं आणि पट्टी बिघडत नाही.

प्रतिसाद २ (भुसावळ)

वेळ उड्या मारतो कारण तुम्ही फोटो मोजताय. एक फोटो ६ एमबीचा, दुसरा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला २०० केबीचा, दोन्हीला सारखंच धरलं तर अंदाज चुकणारच. आधी सगळ्या फाईलींचे साईज जोडून टोटल करा, युनिट बाईट ठेवा आणि प्रत्येक फोटो झाला की त्याच्या साईजएवढं अपडेट द्या. अगदी तंतोतंत नाही येणार, लहान करायला लागणारा वेळ पिक्सेलवर असतो, पण मोजणीपेक्षा पुष्कळ बरं. सोबत टीक्यूडीएमचं स्मूदिंग ० करा, मूळ ०.३ असतं म्हणून ते अलीकडच्या वेगाला जास्त मानतं, ० केलं की सुरुवातीपासूनची सरासरी धरतं.

क्रॉनसाठी टीक्यूडीएमला डिसेबल = नन (None) द्या, ट्रू नाही, नन. मग समोर टर्मिनल नसेल तेव्हा पट्टी आपोआप बंद. लॉगमधे दर मिनिटाला एक साधी ओळ पुरते. आणि झिप करताना डिफ्लेट (फाईल दाबून लहान करायची पद्धत) लावलं असेल तर काढून टाका, जेपेग आधीच दाबलेलं असतं, जागा वाचत नाही आणि जुनं मशीन उगाच राबतं.

प्रतिसाद ३ (नंदुरबारचा, सध्या नाशिकला)

पेनड्राईव्हचं राहिलंच की. लिनक्स आधी रॅममधे घेतो आणि कॉपी झाली म्हणून सांगतो, खरं लिहिणं मागून चालतं. तुमचे १०० टक्के म्हणजे रॅमचे १०० टक्के. स्वतः तुकड्या-तुकड्याने कॉपी करा, ४-४ एमबी, प्रत्येक तुकड्यानंतर एफसिंक (रॅममधलं आत्ताच पेनड्राईव्हवर लिही असा हुकूम) आणि मगच अपडेट. थोडं हळू होईल पण आकडा खरा असेल, आणि अप्पांनी १०० बघून पेनड्राईव्ह उपसला तर नुकसानीची भीती बरीच कमी होईल. पेनड्राईव्ह फॅट३२ मधे फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वर एक फाईल जाणार नाही हेही बघून घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. नाव काढलं, बाईटवर मोजलं, स्मूदिंग ० केलं, डिफ्लेट काढलं. आता वेळ हळूहळू उतरतो, मधेच वाढला तरी थोडाच. पेनड्राईव्हची पट्टी वेगळी केली, त्यावर "पेनड्राईव्हवर लिहितोय, काढू नका" असं लिहिलं. अप्पा स्वतःहून म्हणाले की आता समजतं किती राहिलं ते.

एकच राहिलं, तरीही कुणी खिडकी बंद केलीच तर?

प्रतिसाद १ (धुळे)

झिप शेवटच्या नावाने बनवूच नका. शेवटी डॉट पार्ट लावून बनवा, पूर्ण झाली की ओएस डॉट रिप्लेस ने खरं नाव द्या, दोन्ही एकाच ड्राईव्हवर असू द्या. म्हणजे खऱ्या नावाची झिप दिसली तर ती पूर्णच असणार. आणि स्क्रिप्ट टीमक्समधे चालवा भो, खिडकी बंद झाली तरी आत काम चालू राहतं, परत उघडून जोडलं की पट्टी तिथूनच पुढे दिसते.