तिजोरीची दुसरी किल्ली कॅशियरकडे ठेवून निघावं का?

नवा_ऑफिसर: तालुक्याच्या शाखेत नुकताच रुजू झालोय. तिजोरीची एक किल्ली हेड कॅशियरकडे, दुसरी माझ्याकडे. शेवटची एसटी साडेसहाला. कॅशियरकाका म्हणतात, "साहेब, किल्ली ठेवा नि निघा, मी करतो बंद." माणूस सरळ. नाही म्हटलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

निवृत्त_कॅशियर: देऊ नका, आणि हे काकांसाठीच सांगतोय. उद्या पाचशेचं एक बंडल कमी भरलं तर दोन्ही किल्ल्या बाळगणारा एकटा सापडतो. कॅश रजिस्टरवर सही तुमचीही असते, त्यामुळे मोजा न मोजा, तुम्ही सुटत नाहीच. मला असे साहेब भेटलेत, सही आधीच करून निघणारे. राग यायचा हो! काउंटर बंद झाला की काकांच्या शेजारी जाऊन बसा. पाचशेची बंडलं तुम्ही मोजा, फाटक्या नोटा नि नाणी ते बघतील. एसटी आरामात मिळेल.

कोकणी_क्लार्क: पासवर्डचंही तेच. एकाने एंट्री टाकायची, दुसऱ्याने तपासून पास करायची. आमच्याकडे पास करणाऱ्याचा पासवर्ड कॅलेंडरवर लिहिलेला होता, बोला! रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये संवेदनशील जागांवरच्यांना वर्षातून सलग किमान १० कामकाजाचे दिवस, आधी न कळवता, रजेवर पाठवायला सांगितलं ते उगाच नाही. खुर्चीवर दुसरा बसला की कागद बोलतात.

नवा_ऑफिसर: आज शेजारी बसलो. काका म्हणाले, "नाणी तुम्ही घ्या, माझा चष्मा बदलायचाय."